उज्जैनचं घड्याळ आणि पोटाचा हिशेब

रात्री दोनच्या सुमारास महाकाल मंदिराभोवतीच्या लॉजमध्ये एकेका खिडकीत दिवा लागतो. न्हाणीघरात बादल्या वाजतात. कुणी धोतर शोधतं, कुणी झोपेतल्या पोराला खांद्यावर टाकतं आणि माणसं जिना उतरून अंधारात मंदिराच्या दिशेने चालू लागतात. भस्मारती, म्हणजे महाकालाची भस्माने होणारी आरती, पहाटे चारला असते. त्याआधी रांग, तपासणी, मोबाईल जमा करणं. दर्शनाआधी काही खायचं नाही, असं बहुतेकांनी ठरवलेलं असतं. उजाडता उजाडता ही मंडळी बाहेर येतात तेव्हा पोटात शेवटचा घास जाऊन नऊ-दहा तास झालेले असतात. हॉटेलातला नाश्ता मात्र आठला सुरू होतो.

उज्जैनमध्ये जेवणावर पैसे कुठे जातात आणि कुठे वाचतात, ते या मधल्या वेळेत पाहायला मिळतं. अंकासाठी ‘प्रवासातलं पोट’ हा विषय संपादकांनी सुचवला तेव्हा मनात आलं, ते हेच गाव. महाराष्ट्रातून इथे येणारा ओघ मोठा आहे. मुंबईहून रात्रीच्या अवंतिका एक्स्प्रेसने, पुण्याहून इंदूरच्या गाडीने, मराठवाडा-खानदेशातून बस करून लोक येतात. ऑक्टोबर 2022 मध्ये मंदिराला जोडलेल्या महाकाल लोक या परिसराचं उद्घाटन झालं आणि गर्दी आणखी वाढली. त्याबरोबर लॉज, होमस्टे आणि खोल्यांचे दरही वाढले. सणावाराला खोलीभाडं आपल्या हातात राहत नाही. हातात राहतो तो जेवणाचा खर्च. तोही कसा राहतो, ते पाहायला मी गेलो होतो.

भाड्यात धरलेला नाश्ता

खोली ठरवताना हॉटेलवाले काही अक्षरं सांगतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. मॅप म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. थंड हवेच्या ठिकाणी, जिथे माणूस दिवसभर हॉटेलच्या आवारातच असतो, तिथे एपी घेण्यात शहाणपण असतं. उज्जैनमध्ये दिवस देवाच्या वेळापत्रकावर चालतो. पहाटे भस्मारती, सकाळी दहाच्या सुमारास भोग आरती, संध्याकाळी संध्या आरती, रात्री साडेदहाला शयन आरती. मधल्या वेळात हरसिद्धी, गोपाळ मंदिर, काळभैरव, मंगळनाथ, सांदीपनी आश्रम. हॉटेलात परत यायचं ते झोपायला.

भस्मारतीहून आलेलं कुटुंब साडेसातला खोलीत शिरतं आणि जरा पाठ टेकावी म्हणून आडवं होतं. जाग येते तेव्हा साडेदहा वाजलेले असतात आणि नाश्त्याची भांडी उचललेली असतात. पैसे भरून न खाल्लेला नाश्ता हा इथला सर्वांत महागडा पदार्थ आहे. रिसेप्शनवरच्या मुलांना हे रोज दिसतं. थेट विचारलं तर ते सांगतातही की, भस्मारतीचं बुकिंग असेल तर त्या रात्रीची खोली नाश्त्याविना घ्या.

हिशेब सोपा आहे. समजा, दोघांच्या खोलीला नाश्त्यासह चारशे रुपये जास्त पडतात. बाहेर वीस-तीस रुपयांत पोह्यांची प्लेट मिळते. जिलबी, चहा धरला तरी दोघांचं दीड-पावणेदोनशेत पोटभर होतं. याउलट बरोबर दोन वाढत्या वयाची मुलं असतील, त्यांचा नाश्ता भाड्यातच असेल आणि त्या दिवशी पहाटे कुठे जायचं नसेल, तर सीपी परवडतं. साडेनऊला पोटभर खाऊन निघालेल्या मुलांना दुपारी तीनपर्यंत काही लागत नाही. म्हणून दोन रात्रींचा मुक्काम असेल तर एक रात्र ईपी आणि एक सीपी घ्यावी. असं वेगवेगळं बुकिंग करून द्यायला हॉटेलं सहसा तयार असतात. विचारणारेच कमी.

वाफेवरचे पोहे

भस्मारतीची माणसं बाहेर येतात त्या वाटेवर आणि देवास गेट, रेल्वे स्टेशन, फ्रीगंज या भागांत भल्या पहाटे पोह्यांच्या गाड्या लागलेल्या असतात. आपल्याकडे कांदेपोहे केले की लगेच बशीत येतात आणि उरले तर कोरडे पडतात. माळव्यात मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर पोह्यांची परात ठेवतात. सतत वाफ लागत राहिल्याने पोहे तासन्‌तास मऊ आणि गरम राहतात. त्यात तेल कमी असतं, किंचित साखर असते आणि बडीशेपेचा वास येतो. वरून कच्चा कांदा, शेव, लिंबू आणि जीरावन, म्हणजे जिरं, आमचूर, काळं मीठ असा बराच ऐवज असलेला इथला मसाला. बाजूला गरम जिलबी.

हे स्वस्त का पडतं, तेही पाहण्याजोगं आहे. गाडीवाला एकाच पदार्थाचा घाणा करतो, तो तीन-चार तासांत संपवतो आणि घरी जातो. त्याला जागेचं मोठं भाडं नाही, वाढपी नाहीत, उरलेलं टाकावं लागत नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरात तेच पोहे एका प्लेटसाठी नव्याने फोडणीला घालावे लागतात. त्यामुळे तिथे ते महाग होतात आणि चवीलाही उतरतात. एकच पदार्थ, मोठा खप, ठरावीक वेळ असं जिथे जुळून येतं तिथे खावं, मग पैसेही वाचतात आणि अन्नही ताजं मिळतं.

उपास असेल तरी अडत नाही. सोमवारी, एकादशीला, महाशिवरात्रीला साबुदाण्याची खिचडी अशीच वाफेवर ठेवलेली मिळते. आपल्या खिचडीसारखं दाण्याचं कूट तीत भरभरून नसतं. फराळी शेव आणि लिंबू घालून ती देतात. आपल्या चवीची वाट न पाहता खाल्ली तर छान लागते.

दुपारी दाल-बाफले. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळायचे, मग भाजायचे आणि तुपात बुडवायचे. बरोबर तुरीचं वरण, कढी, लसणाची चटणी, लाडू. दोन बाफले नीट खाल्ले की रात्री ताक-फळावर भागतं. एकच मोठं जेवण दुपारी दोनच्या आत करायचं आणि रात्री हलकं खायचं, हे गणित इथे फार चांगलं बसतं. थाळी ‘अनलिमिटेड’ असेल तर ती दोघांत वाटून खाऊ देत नाहीत, तशी पाटीच असते. भूक बेताची असलेल्या वयस्कर जोडप्याने तिथे न बसता साध्या भोजनालयात शेव-टमाटरची भाजी, तवा रोटी आणि ताक मागवावं. शेव-टमाटर ही माळव्याची गरिबाघरची, पण फर्मास भाजी. पनीरच्या भाजीपेक्षा कितीतरी स्वस्त. मेन्यूकार्डात ती बहुधा तळाशी असते आणि परगावचा माणूस तिथपर्यंत पोचतच नाही.

पंगत

मंदिर समितीचं अन्नक्षेत्र मोफत आहे. मंदिराकडून टोकन घ्यायचं, रांगेत उभं राहायचं आणि जेवायचं. डाळ, भाजी, पोळी, भात असं साधं जेवण. शेजारी कधी राजस्थानातला शेतकरी असतो, कधी गुजरातेतलं मोठं कुटुंब. वाढणारे आग्रह करतात, पण पानात टाकलेलं कुणाला आवडत नाही.

अन्नछत्रं हा या वाटेवरचा जुना धागा आहे आणि त्यात मराठी हात मोठा आहे. महाकालाचं आजचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या अमदानीत त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभं केलं. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली ग्वाल्हेरला लष्कर हे नवं ठाणं वसवलं, तोवर उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. बाजाराच्या ऐन मध्यावरचं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं.  तिकडे होळकरांकडे अहिल्यादेवींनी देशभर घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रं उभी केली. त्या काळच्या यात्रेकरूला खाण्याचा खर्च जवळपास धरावाच लागत नसे. तो धर्मशाळेत उतरे किंवा तीर्थोपाध्यायाच्या घरी. उपाध्याय त्याच्या वाडवडिलांची नोंद वहीत काढून दाखवी आणि शिधा किंवा जेवण यांची सोय लावी. खोलीचं भाडं वेगळं, जेवणाचं बिल वेगळं, ही रीत तीर्थक्षेत्रांत अलीकडची आहे.

म्हणून अन्नक्षेत्रात जेवायला संकोच वाटायचं कारण नाही. तो प्रसाद आहे. पण ज्याची ऐपत आहे त्याने उठताना दानपेटीकडे वळावं, असं मला मनापासून वाटतं. एका जेवणाला बाहेर जेवढे दिले असते तेवढे तिथे टाकले तर खर्च तोच होतो, पण पुढच्या कुणाचं तरी पान वाढलं जातं. सरकारी स्वस्त थाळीची गोष्ट मात्र वेगळी. मध्य प्रदेश सरकारने 2017 साली पाच रुपयांच्या थाळीने दीनदयाळ रसोई योजना सुरू केली. आपल्याकडच्या शिवभोजन थाळीसारखीच ती मजूर, फेरीवाले, इस्पितळातल्या रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी आहे. हॉटेलात खोली घेऊन राहिलेल्याने त्या रांगेत उभं राहू नये. तिथली पानं मोजकी असतात आणि त्यांची वाट पाहणारा माणूस दुसरीकडे जेवू शकत नाही.

मंदिर समितीची स्वतःची निवासस्थानंही आहेत, हरसिद्धीजवळची धर्मशाळा आणि पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या नावाचं अतिथिगृह. तिथे खोली मिळाली तर भाड्यात आणि पायपिटीत दोन्हीकडे बचत होते. दानिगेटजवळच्या अवंती पार्श्वनाथाच्या जैन तीर्थावर भोजनशाळा आहे. सूर्यास्ताआधी जेवून घेण्याची शिस्त पाळणाऱ्यांना तिचा आधार वाटतो. भरतपुरीतल्या इस्कॉनमध्येही निवास आणि सात्त्विक जेवण आहे. ओंकारेश्वर जोडून करणाऱ्यांना शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची तिथली शाखा सांगावी लागत नाही. मराठी माणूस आधी तिथेच फोन लावतो.

आचारी बरोबर असलेली बस

एका धर्मशाळेच्या आवारात पहाटे गेलात तर चहाच्या आधणाचा आणि आल्याचा वास येतो. शेजारी यात्रा कंपनीची बस उभी असते. परभणी, लातूर, जालना अशा कुठल्या तरी जिल्ह्यातली. बसबरोबर आचारी आणि त्याचे दोन मदतनीस. दुपारसाठी पिठलं, भात, पोळ्या. संध्याकाळसाठी वांग्याची भाजी. कांदे-लसूण सोलायला यात्रेतल्या बायकाच बसतात. कुणी सांगितलेलं नसतं, पण हात रिकामे ठेवायची सवयच नाही.

या बसचा हिशेब पाहिला की मोठ्या गटाचं शहाणपण कळतं. तांदूळ, डाळ, पीठ, तिखट, गोडेतेल, शेंगदाणे हा कोरडा शिधा गावाकडच्या भावाने भरून आणलेला असतो. वाटेत घ्यायची ती फक्त भाजी, दूध आणि दही. भाजी सकाळच्या बाजारातून टोपलीच्या भावाने येते. पन्नास माणसांच्या स्वयंपाकात एका पानाचा खर्च भोजनालयातल्या थाळीच्या जवळपासही जात नाही. शिवाय साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना सवयीची चव मिळते. महिनाभरासाठी घराबाहेर पडलेल्या आजीला रोजची पनीर-तंदुरी सोसत नाही. तिला मऊ भात आणि वरण लागतं. पोट बिघडून डॉक्टरकडे जाणारे पैसे वाचतात, ते कुठल्याच वहीत लिहिले जात नाहीत.

पण एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. सिलिंडर. उघड्या आवारात, धर्मशाळेने नेमून दिलेल्या जागी स्वयंपाक करणं वेगळं आणि माणसं बसलेल्या डब्यात गॅस घेऊन जाणं वेगळं. 26 ऑगस्ट 2023 रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला आग लागली. लखनौहून निघालेली माणसं होती ती. बेकायदा नेलेल्या सिलिंडरने पेट घेतला आणि किमान 9 जण गेले. तीही काटकसर करणारी, चहा-जेवण आपलंच करून घेणारी माणसं होती. रेल्वेत सिलिंडर न्यायला बंदी आहे, ती याच कारणासाठी.

किटलीत काय शिजतं

खोलीतल्या टेबलावर विजेची किटली असते. ती पाणी उकळण्यासाठी आहे. तिच्यात दूध, नूडल्स किंवा अंडी उकळली की तळाला थर धरतो, वास राहतो आणि पुढच्याच्या चहाची वाट लागते. इंडक्शन शेगडी घरून आणणारेही असतात. ती दोन हजार वॉटपर्यंत वीज खेचते. लॉजमधली वायरिंग त्या भाराची नसते. मग मजल्यावरची वीज जाते किंवा सॉकेट तापून काळं पडतं. पडदे, गाद्या, लाकडी पार्टिशन यांच्या मधोमध शेगडी पेटवणं धोक्याचं आहे. हॉटेलने त्याला मनाई केली तर ती योग्यच.

पण नुसत्या उकळत्या पाण्यावर पुष्कळ होतं, आणि त्या कलेत मराठी घरं फार पुढे आहेत. रवा खमंग भाजायचा, फोडणीत मोहरी, मिरची, कढीपत्ता कुरकुरीत करून त्यात मिसळायचा, मीठ-साखर घालून डबा भरायचा. खोलीत स्टीलच्या डब्यात हा रवा घ्यायचा, वर दुप्पट उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं. उपमा तयार. भाजलेल्या शेवयांचंही तसंच. पातळ पोह्यांना तर पाणीही लागत नाही. मध्य प्रदेशात सांची हा सहकारी दुधाचा ब्रँड आहे. त्यांच्या टपरीवरून दह्याची पिशवी आणली, पोह्यांवर मेतकूट आणि मीठ घातलं की रात्रीचं जेवण झालं. सातूच्या पिठात गूळ आणि दूध कालवलं की लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना चालतं.

पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या. दुधात मळलेली कणीक पाण्यात मळलेल्या पोळीपेक्षा मऊ राहते, प्रवासात सुकत नाही. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा. तिखट-मिठाच्या पुऱ्या उन्हाळ्यातही चांगल्या टिकतात. मात्र ओला नारळ, कच्चा कांदा आणि उकडलेला बटाटा यांचं काही बांधून नेऊ नये. एप्रिल-मेच्या माळव्यात ते दुपारपर्यंत आंबतं.

फळं बाजारात उतरून घ्यावीत. रांगेच्या तोंडाशी कापून ठेवलेली घेऊ नयेत. खोलीत एक सुरी, दोन स्टीलच्या ताटल्या, चमचे आणि भांडी पुसायचा पंचा असला की झालं.

रात्री साडेदहाची भूक

सगळ्यात जास्त पैसे जातात ते शयन आरतीनंतर. दिवसभर चालून पाय भरलेले असतात, मुलं कुरकुरत असतात, बाहेर परत जायची कुणाची तयारी नसते. मग खोलीतला फोन उचलला जातो. एक दाल, एक पनीर, आठ रोट्या, एक जीरा राइस, पाण्याच्या दोन बाटल्या. दुपारी तीन वेळा विचार करून थाळी निवडणारं कुटुंब रात्री किंमत न बघता मागवतं. भुकेल्या आणि थकलेल्या माणसाकडून चांगली निवड होत नाही. यात त्या कुटुंबाचा दोष नाही.

यावर उपाय दुपारी करायचा असतो. संध्या आरतीला निघण्याआधी खोलीत दही, केळी, राजगिऱ्याचे लाडू, भिजवून ठेवलेले शेंगदाणे यांतलं काही असावं. फ्रीगंजमध्ये टॉवर चौकात संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांची चौपाटी भरते. मंदिराकडून दूर उतरलेल्यांनी परतताना तिथे खाऊन घ्यावं. मंदिरापाशी राहणाऱ्यांसाठी महाकाल लोकला लागून ‘प्रसादम’ ही खाद्यगल्ली आहे. स्वच्छतेच्या निकषांवर उभारलेली अशी देशातली ही पहिली गल्ली, 7 जानेवारी 2024 रोजी सुरू झाली.

मागवायचंच असेल तर बिल वाचायला शिकावं. हॉटेलच्या उपाहारगृहात साधारणपणे 5 टक्के जीएसटी लागतो. जिथे खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे तिथे 18 टक्के. सेवाशुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. ते काढून टाका, असं शांतपणे सांगावं. पाण्याच्या बाटलीचं मात्र उलट आहे. दुकानदाराला छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, पण हॉटेल-उपाहारगृहाला येतो, कारण तिथे बसण्याची आणि वाढण्याची सेवा जोडलेली आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2017 चा निर्णय आहे. म्हणून चौघांच्या कुटुंबाने रिक्षातून उतरतानाच कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचा मोठा कॅन घ्यावा किंवा खालच्या फिल्टरवर बाटल्या भराव्यात. दोन दिवसांत यातूनच एका जेवणाचे पैसे सुटतात.

आता जे पाहून वाईट वाटलं ते. भोजनालयात चौघं बसतात, तीन थाळ्या मागवतात आणि आई म्हणते, मला भूक नाही, मी मुलांच्या पानातलं खाईन. टेबलामागून टेबलं पाहिली तरी हेच. कधी ती आजी असते, कधी सून. पहाटे दोनला सगळ्यांच्या आधी उठलेली तीच, पिशव्या भरलेली तीच. काटकसरीचा पहिला घाव तिच्या पानावर बसतो आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. नाश्त्याचा प्लॅन बदलून, पाण्याचा कॅन घेऊन, दुपारी बाफले खाऊन आणि रात्रीची खोलीतली ऑर्डर टाळून जे पैसे सुटतात त्यातून चौथी थाळी सहज निघते. ती आधी मागवावी, मग बाकीचं.

संध्याकाळी उज्जैनहून अवंतिका सुटते आणि सकाळी मुंबईला पोचते. त्या गाडीसाठी स्टेशनबाहेरून कचोऱ्या किंवा पुरी-भाजी बांधून घेतात. जाणकार बाया त्यासोबत रतलामी शेवेची पिशवी आणि जीरावनचा पुडा घेतात. तिसऱ्या दिवशी घरी गॅसवर पोहे होतील तेव्हा वर घालायला.